‘परतणे’ या शब्दाचा इतिहास : धर्मनिष्ठ ज्यू संतती आणि दुरावलेले आईबाप

आधुनिक ज्यू साहित्याचा इतिहास सांगताना एक कथानक जवळजवळ गृहीतच धरले जाते. मुलगा बापाच्या घरातून बाहेर पडतो, दाढी उतरवतो, परभाषेतली पुस्तके वाचतो, शब्बाथ मोडतो; बाप शोक करतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्लिनमध्ये रुजलेल्या ‘हस्काला’ या प्रबोधनापासून हे कथानक निघते. यिडिश कथेतून वाट काढीत ते न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या कादंबरीपर्यंत पोहोचते. अब्राहम काहान यांची ‘द राइज ऑफ डेव्हिड लेविन्स्की’ (१९१७) आणि अँझिया यिझियर्स्का यांची ‘ब्रेड गिव्हर्स’ (१९२५) या कादंबऱ्या त्याच मुशीतल्या. शोलोम अलाइखेम यांच्या तेव्याची मुलगी खावा परधर्मीयाशी लग्न करते तेव्हा तेव्या जिवंत मुलीचे सुतक धरतो. मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. घटश्राद्धाची रूढी आपल्याकडेही होती, आणि धर्मांतर करून घराला मुकलेल्यांची आत्मचरित्रे हा आपल्या एकोणिसाव्या शतकाच्या गद्याचा एक महत्त्वाचा भाग आहे. जाणारा मुलगा आणि रडणारा बाप ही जोडी आपण इतक्या वेळा वाचली आहे की तिचा उलटा प्रकार समोर आला तर तो वाचण्याची रीतच आपल्यापाशी नसते.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या उलट्या प्रकाराचा. येथे आईबाप निधर्मी किंवा नावापुरते धार्मिक आहेत. धर्माकडे वळते ती प्रौढ संतती. ती शब्बाथ पाळू लागते, आईच्या स्वयंपाकघरातले अन्न नाकारते, नाव बदलते, लवकर लग्न करते आणि आईबापांना ज्या समाजात उभे राहण्याची जागा नाही त्या समाजात राहावयास जाते. १९६७ च्या युद्धानंतरच्या दशकांत अमेरिकेत आणि इस्राएलमध्ये ही घटना मोठ्या प्रमाणावर घडली. जेरुसलेममध्ये केवळ अशा नवागतांसाठी धर्मपाठशाळा, म्हणजे येशिवा, निघाल्या. तरुणींसाठीची नेवे येरुशलाइम ही संस्था १९७० ची, तर पुढे जगभर शाखा पसरलेली ऐश हातोरा १९७४ ची. लिन डेव्हिडमन आणि डेब्रा कॉफमन यांचे अशा स्त्रियांविषयीचे अभ्यास १९९१ मध्ये एकाच वर्षी प्रसिद्ध झाले. मात्र समाजशास्त्राने बहुधा परतलेल्यांनाच बोलते केले. मागे राहिलेल्या आईबापांचे काय झाले हे पाहावयाचे तर साहित्याकडेच यावे लागते.

आधी शब्दाकडे पाहू. धर्मनिष्ठ झालेल्या ज्यूला हिब्रूत ‘बआल तेशुवा’ म्हणतात आणि त्या क्रियेला ‘खझारा बित्शुवा’. ‘तेशुवा’ या शब्दात परतणे, पश्चात्ताप आणि उत्तर हे तिन्ही अर्थ आहेत. (आधुनिक हिब्रूने या श्लेषाचा फायदा घेऊन धर्म सोडणाऱ्यासाठी ‘प्रश्नाकडे परतणारा’ असा शब्दप्रयोग घडवला, हे जाता जाता नोंदवावे.) आता भाषेची करामत पाहा. न्यू जर्सीच्या घरातून निघून जेरुसलेमला गेलेली मुलगी ‘परतली’, आणि तीस वर्षे त्याच घरात राहिलेली तिची आई मात्र, काहीही न करता, दूर गेलेली ठरली. अंतर कोणी निर्माण केले या प्रश्नाचा निकाल क्रियापदानेच लावून टाकला आहे. आईने हिब्रूचा एक शब्दही उच्चारण्यापूर्वी ती वाक्यात कर्त्याच्या जागेवरून हललेली असते.

धर्मशास्त्र याहून एक पाऊल पुढे जाते. बाराव्या शतकात मैमोनिडीस यांनी कराइत पंथीयांच्या मुलांविषयी असे म्हटले की त्यांना पाखंडी मानू नये. ती परक्यांनी पळवून नेलेल्या आणि परक्यांतच वाढलेल्या अर्भकासारखी आहेत, आपण काय मोडतो आहोत हे त्यांना ठाऊकच नाही. ‘तिनोक शेनिश्बा’, बंदी झालेले अर्भक, ही ती कोटी. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील धर्मपंडितांनी ती सर्वसाधारण निधर्मी ज्यूंना लागू केली. त्यामागचा हेतू करुणेचा आहे यात शंका नाही. तिच्यामुळे बहिष्काराचे शस्त्र म्यान झाले. परंतु कुटुंबात ही कोटी कशी वागते ते पाहण्यासारखे आहे. वीस वर्षांच्या मुलीच्या शास्त्रात तिची पन्नाशी उलटलेली आई अर्भक होते. तिने जाणूनबुजून घेतलेले निर्णय, तिचे वाचन, तिची राजकीय निष्ठा, देवावरचा तिचा राग, हे सारे अज्ञानाच्या खात्यात जमा होते. शिव्याशाप मिळाले असते तर निदान प्रतिपक्ष म्हणून तिची नोंद झाली असती. क्षमा मात्र तिला वादातूनच बाद करते.

याउलट आईबापांच्या हाती कोणता विधी आहे? तेव्यापाशी ‘शिवा’ होते, सात दिवसांचे सुतक. धर्मांतर केलेल्या जिवंत अपत्यासाठी ते धरावे असे प्रमाण धर्मसंहिता सांगत नाहीत. अकराव्या शतकातील रब्बी गेर्शोम यांच्याविषयीच्या एका आख्यायिकेचा आधार घेऊन लोकरूढीने ते चालवले. तरीही ते उपलब्ध होते. जमिनीलगत बसायचे, वस्त्र फाडायचे, शेजाऱ्यांनी यायचे. दुःखाला आकार होता, आणि त्या आकाराला साक्षीदार होते. निधर्मी बापाने आपल्या सश्रद्ध मुलासाठी काय करावे? त्याने विधी सोडलेले आहेत, म्हणूनच तर हा प्रसंग ओढवला. शिवाय त्याच्या दुःखाला दुःख म्हणण्यासही कोणी तयार नसते. मुलगा व्यसनी झाला नाही, तुरुंगात गेला नाही, तो प्रार्थना करतो. शेजारी अभिनंदनच करण्याची शक्यता अधिक. माझ्या मते या साहित्याचे रूप या अभावातून घडले आहे. जेथे विधी नाही तेथे गद्य आले, आणि तेही प्रथमपुरुषी, लांबलचक, स्वतःशी भांडणारे गद्य.

या प्रकाराचा आरंभ मात्र १९६७ चा नव्हे. तो प्रागमध्ये, पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर सापडतो. यिर्झी लांगर (१८९४–१९४३) हा तेथील चेक भाषक, बऱ्याच अंशी समाजात मिसळून गेलेल्या ज्यू कुटुंबातला मुलगा. १९१३ साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो गॅलिशियातील बेल्झ या गावी हसिदी गुरूच्या दरबारात गेला. परतला तो लांब काळा काफ्तान, दाढी आणि कानशिलावरच्या बटांसह. त्याचा थोरला भाऊ फ्रांटिशेक लांगर (१८८८–१९६५) पुढे चेक भाषेतील नामांकित नाटककार झाला. त्याने पुष्कळ वर्षांनी भावाविषयी लिहिलेल्या लेखात या परतीचे वर्णन केले आहे: बापाच्या आवाजातली भीती, भावाचा वेष, स्त्रियांशी वागताना त्याने पाळलेले निर्बंध, शेजारपाजारच्या नजरा. तेथे फ्रांटिशेकला आठवण होते ती काफ्काच्या ‘रूपांतर’ (१९१५) या कथेची. घरातला मुलगा अचानक किड्यासारखा झाला आहे, आणि त्याला जगापासून लपवावे कसे याच विवंचनेत घर आहे.

ही उपमा प्रसिद्ध आहे, आणि वाटते तितकी सरळ नाही. ग्रेगोर साम्साची वाचा जाते. यिर्झीला उलट दोन भाषा नव्याने आल्या होत्या. ग्रेगोर स्वतःला ओझे समजून झिजतो. यिर्झीला लाज वाटत नव्हती, लाज वाटत होती ती घराला. आणि ही लाज परक्या वस्तूची नव्हती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. बोहेमियातील ज्यूंच्या दोन-तीन पिढ्यांनी जो वेष, जी बोली, जे हातवारे कष्टाने अंगावरून उतरवले, नेमके तेच अंगावर घालून मुलगा दारात उभा होता. बापाला धास्ती वाटली ती मुलगा अनोळखी झाल्याची नसावी. तो फार ओळखीचा झाला होता. आजा-पणजा आगगाडीतून उतरून राजधानीच्या रस्त्यावरून, चेक शेजाऱ्यांच्या देखत, घराकडे चालत आला होता.

काफ्का आणि यिर्झी यांची चांगली ओळख होती. १९१६ च्या जुलैत मारिएनबाड येथे मुक्कामास आलेल्या बेल्झच्या गुरूला पाहण्यास काफ्का लांगरबरोबर गेला आणि मॅक्स ब्रोडला लिहिलेल्या पत्रात त्याने त्या फेरफटक्याचे बारकाईने, काहीसे मिस्कील वर्णन केले. तीन वर्षांनी, १९१९ च्या नोव्हेंबरात, त्याने बापाला ते दीर्घ पत्र लिहिले जे बापाच्या हाती कधी पडले नाही. त्यातील धर्मविषयक भाग या चर्चेत कळीचा आहे. बापाने आपल्याला धर्म लादला अशी काफ्काची तक्रार नाही. वर्षातून चार वेळा देवळात जाऊन कंटाळत बसण्यापुरता, खेड्यातून शहरात येताना हातातून गळत गळत उरलेला धर्म बापाने दिला आणि तोच पुरेसा मानून मुलाकडून निष्ठेची अपेक्षा केली, ही तक्रार आहे. पुढे मुलाला ज्यू गोष्टींत रस वाटू लागला तेव्हा बापाला त्याच गोष्टींची किळस येऊ लागली, असेही तो नोंदवतो. काफ्का बेल्झला गेला नाही. परंतु लांगरच्या कृतीमागचा युक्तिवाद लिहिला तो त्याने. पुढच्या काळात निधर्मी आईबापांना मुलांकडून जे आरोपपत्र ऐकावे लागले, त्याचा हा पहिला आणि आजतागायत सर्वांत चांगला मसुदा आहे. तो लिहिणारा स्वतः निधर्मीच राहिला, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे एक कारण असावे.

अमेरिकेच्या संदर्भात अशा परतीचे स्पष्टीकरण म्हणून इतिहासकार मार्कस ली हॅन्सेन यांचा १९३८ चा सिद्धान्त उद्धृत केला जातो: स्थलांतरिताचा मुलगा जे विसरू पाहतो ते नातू आठवू पाहतो. सूत्र आकर्षक आहे. येथे मात्र ते फसवते. नातू आठवत नसतो, तो शिकत असतो, आणि शिकतो ते पुस्तकातून. हाइम सोलोव्हाइचिक यांनी १९९४ मध्ये ‘ट्रॅडिशन’ या नियतकालिकात लिहिलेल्या दीर्घ निबंधात हा भेद नेमका पकडला आहे. पूर्वी धर्माचार घरात पाहून, विशेषतः आईच्या स्वयंपाकघरात वावरून अंगी येई. ती अनुकरणाची परंपरा स्थलांतरात आणि महासंहारात तुटली, आणि तिची जागा ग्रंथाने घेतली. ग्रंथ हाती आला की आईचे स्वयंपाकघर प्रमाण राहत नाही, ते तपासणीचा विषय होते. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या इतिहासात याची एक सौम्य आवृत्ती दिसते. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवून, मलिदा करून, एलियाहू हनाबीचे स्मरण करून ज्यांनी आपला धर्म टिकवला, त्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले आणि त्यांनी ग्रंथाधारे प्रार्थना व आचार शिकवले. तेथे मात्र शिक्षक बाहेरचा होता. सोलोव्हाइचिक ज्या घरांविषयी बोलतात तेथे शिक्षक पोटचा मुलगाच असतो.

म्हणूनच हा दुरावा केवळ निधर्मी घरांपुरता राहत नाही. टोव्हा मिर्व्हिस यांच्या ‘द आउटसाइड वर्ल्ड’ (२००४) या कादंबरीतील मिलर दांपत्य धर्म पाळणारेच आहे. त्यांचा ब्रायन इस्राएलमध्ये एक वर्ष येशिवात राहून येतो तो बारूख होऊन, काळी हॅट घालून. आणि जन्मभर कोशर राहिलेले घर आता त्याला पुरेसे कोशर वाटत नाही. मिर्व्हिस यांची शैली हलकीफुलकी आहे, कधी कधी नको तितकी. पण एक गोष्ट त्यांनी अचूक ओळखली: दुरावा श्रद्धेच्या विधानांतून प्रकट होत नाही, भांड्यांतून होतो. कागदी ताटल्या, दुहेरी पन्नीत गुंडाळून वेगळे तापवलेले अन्न, शुक्रवारी सूर्यास्तानंतर वाजत राहणारा आणि कोणी न उचललेला दूरध्वनी. ही या साहित्याची वस्तुसंहिता होय. ताटात वाढणे हीच जिची प्रेमाची भाषा, तिचे ताट बाजूला सारले जाते. देव आहे की नाही यावर तिच्याशी कोणी वाद घातलेला नसतो.

यावर असे म्हटले जाईल की धर्मच मुलांना आईबापांपासून तोडतो. ते खरे नाही, आणि खरे नसल्यामुळेच प्रकरण गुंतागुंतीचे आहे. आईबापांचा मान ही दहा आज्ञांपैकी एक. लेवीयच्या १९ व्या अध्यायातील तिसऱ्या वचनात आईबापांचा धाक बाळगणे आणि शब्बाथ पाळणे ही कर्तव्ये शेजारी शेजारी सांगितली आहेत. परंपरेने या सान्निध्याचा अर्थ असा लावला की बापाने शब्बाथ मोडावयास सांगितले तर ऐकू नये, कारण बाप आणि मुलगा दोघेही त्याच आज्ञेने बांधलेले आहेत. सोळाव्या शतकातील ‘शुल्खान आरुख’ या संहितेच्या ‘योरे दिआ’ खंडाचे २४० वे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. मुलाने बापाच्या आसनावर बसू नये, त्याचे बोलणे खोडू नये, असे ते बजावते; आणि त्याच प्रकरणात, अध्ययनासाठी दूर जाणाऱ्या मुलाने बापाची मनाई मानण्याचे कारण नाही, असेही सांगते. बाप नियम मोडताना दिसला तर काय? तू नियम मोडलास असे त्याला म्हणू नये; शास्त्रात असे असे लिहिले आहे ना, अशा रीतीने, जणू त्यालाच विचारतो आहोत असे बोलावे. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबावे. संहितेने केवळ आशय नव्हे, वाक्याचा अर्थच ठरवून दिला आहे: विधानार्थ नको, प्रश्नार्थ हवा. ज्या बापाने शास्त्र वाचलेच नाही त्याला हा प्रश्न आदरयुक्त वाटत नाही. तो त्याला परीक्षा वाटतो. आदराचे सर्व नियम पाळूनही आदर पोहोचत नाही.

मोशे फाइन्स्टाइन (१८९५–१९८६) यांच्यासारख्या थोर निर्णयकाराने, जी व्यक्ती आपल्याला फसवणार नाही याची पुरती खात्री आहे अशा नियम न पाळणाऱ्या आप्ताच्या शब्दावर अन्नाच्या बाबतीत विसंबण्यास मर्यादित वाट ठेवली होती. वाट असूनही ती कितीजण चालतात हा प्रश्न निराळा. नवागत हा बहुधा जन्मजात धर्मनिष्ठापेक्षा कडक असतो. वाट माहीत असायला घरात वाढावे लागते.

अ‍ॅन रॉइफी यांची ‘लव्हिंगकाइंडनेस’ (१९८७) ही या विषयावरची मध्यवर्ती कादंबरी म्हणता येईल. निवेदक आई, अ‍ॅनी, ही स्त्रीवादी अभ्यासक. तिची मुलगी अँड्रिया भरकटत जेरुसलेमच्या एका स्त्रियांच्या येशिवात पोहोचते आणि साराई होते. आईने जिच्यासाठी स्वातंत्र्य मिळवले तिने ते परत केले आहे. या कादंबरीचे बळ असे की अ‍ॅनीचा युक्तिवाद वाचकाला पटत असतानाच तो कमकुवत होत जातो. निवडीचे स्वातंत्र्य हे जिचे मूल्य, तिला मुलीची निवड नाकारता येत नाही, आणि स्वीकारताही येत नाही. आणि तिच्या स्वप्नांत कोण येते? ब्रात्स्लाव्हचे रब्बी नाखमान (१७७२–१८१०), हसिदी परंपरेतले श्रेष्ठ कथाकार. विधी नसलेल्या आईला अखेर कथाकाराचा आधार घ्यावा लागतो, आणि तोही मुलीच्याच बाजूचा. शीर्षकातील शब्द हा हिब्रू ‘हेसेद’चा, अकारण दयेचा, रूढ इंग्रजी पर्याय आहे. ती दया कोणी कोणावर करावयाची हे कादंबरी उघडे ठेवते, आणि अ‍ॅनी मुलीला बळाने परत आणण्याच्या बेतापासून दूर राहते.

फिलिप रॉथ यांच्या ‘द काउंटरलाइफ’ (१९८६) मध्ये आईबापांच्या जागी थोरला भाऊ आहे, जसा लांगरांच्या घरी होता. दंतवैद्य हेन्री बायको-मुलांना सोडून पश्चिम किनाऱ्यावरील एका वसाहतीत हानोख होतो, आणि लेखक असलेला नेथन त्याला गाठण्यास जातो. नेथनपाशी मनोविश्लेषण आहे, घराच्या आठवणी आहेत. हेन्री हे सारे झिडकारतो. आईबाप आणि घरचे टेबल यांच्यापलीकडे इतिहास आहे, भूमी आहे, आणि नेथनला त्यातले काही दिसत नाही, असा त्याच्या बोलण्याचा रोख. त्याच्या राजकारणाशी मी सहमत होऊ शकत नाही. परंतु कादंबरीवर केलेला हा आक्षेप म्हणून गंभीरपणे घ्यावा लागेल. कौटुंबिक कादंबरी हा प्रकारच निधर्मी घराचा आहे; ती प्रत्येक श्रद्धेचे मूळ बालपणात शोधते. म्हणजे मुलीचे शास्त्र आईला अर्भक ठरवते, तसे आईची कादंबरीही मुलीला अर्भक ठरवते. रॉथ यांनी पुढील प्रकरणांत हा सारा घटनाक्रम पुसून दुसरा लिहिला, ही त्यांची नेहमीची चलाखी असली तरी येथे तिला अर्थ आहे. नेथनला भावाचा शेवट लिहिण्याचा अधिकार नाही.

प्रत्येक घर तुटलेच असे मात्र नव्हे. इस्राएलमध्ये नट-दिग्दर्शक उरी झोहर (१९३५–२०२२) सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कडवा धर्मनिष्ठ झाला. त्याचा जिवलग मित्र, गायक आरिक आइनस्टाइन (१९३९–२०१३), शेवटपर्यंत निधर्मी राहिला. त्याच्या दोन मुली धर्मनिष्ठ होऊन झोहरच्याच मुलांशी विवाहबद्ध झाल्या. निधर्मी तेल अवीवचा आवाज मानला गेलेला माणूस धर्मनिष्ठ नातवंडांचा आजोबा झाला. त्याने मित्राच्या बदलावर एक गाणे केले, आणि दोघांचे नातेही टिकले.

येथवर उल्लेखिलेल्या संहितांत मागे राहिलेलेच बोलतात: भाऊ, आई, पुन्हा भाऊ. गेलेल्याला लिहावयाचेच झाले तर तो सहसा प्रवचन लिहितो, आणि प्रवचनात आईबाप दृष्टान्तापुरते येतात. यिर्झी लांगर येथे अपवाद ठरतो. कालांतराने त्याचा वेष सौम्य झाला. त्याने मनोविश्लेषणाचा अभ्यास केला, ‘काबालातील शृंगार’ या विषयावर १९२३ मध्ये जर्मन ग्रंथ लिहिला, हिब्रूत कविता केल्या. बेल्झविषयीचे ‘नऊ दरवाजे’ हे पुस्तक मात्र त्याने १९३७ मध्ये चेक भाषेत प्रसिद्ध केले. हसिदी वाचकाला त्या भाषेचा उपयोग नव्हता. ती घरची, बापाची आणि भावाच्या नाटकांची भाषा होती. पुस्तकाचा सूर खेळकर आहे, ओसरीवर बसून पाहुण्याला गावाकडच्या गोष्टी सांगाव्यात तसा. कोणाला वळवण्याचा आग्रह त्यात नाही. ‘तेशुवा’चा उत्तर हा अर्थ ध्यानात घेतला तर चोवीस वर्षांपूर्वीच्या त्या दारातल्या प्रसंगाचे उत्तर म्हणून ते वाचता येते. दोन वर्षांनी त्याने प्राग सोडले आणि हालअपेष्टा सोशीत पॅलेस्टाइन गाठले. १९४३ मध्ये तेल अवीव येथे त्याचा मृत्यू झाला. बेल्झमधील ज्यू वस्ती त्या सुमारास नष्ट झाली होती. १९६१ मध्ये ‘नऊ दरवाजे’चे इंग्रजी भाषांतर निघाले तेव्हा फ्रांटिशेकचा लेख त्याला प्रस्तावना म्हणून जोडण्यात आला. तेव्हापासून या पुस्तकाच्या इंग्रजी वाचकाला बेल्झच्या आधी प्रागचे ते घर, बापाचा तो आवाज आणि काफ्काची ती उपमा भेटते.